मुक्या कड्यावरचं वजन

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर विहिरीचा किंवा बैल बांधायचा दोर आला असेल, तर तो आधी पुसून टाका. त्या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण माझं काम वेगळं. मी कडे चढणाऱ्या माणसांचा दोर आहे. कड्यावरून निसटलेल्या माणसाला जमिनीवर आपटू द्यायचं नाही, एवढ्याचसाठी मला जन्माला घातलं. रंगाने मी केशरी, अंगावर निळे ठिपके. आता केशरी उतरून विटकरी झाला आहे, पण तरुणपणी मी देखणा होतो हे सांगून ठेवतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता. पांढऱ्या धाग्यांचे पेड पिळून आधी माझा गाभा तयार झाला आणि त्यावर रंगीत धाग्यांची घट्ट वीण चढली. माझ्याच खेपेतल्या काही भावंडांना चाचणीसाठी नेलं. त्यांना लोखंडी वजन बांधून वरून सोडत, पुन्हा पुन्हा, ती तुटेपर्यंत. ती किती टिकली त्यावरून माझी लायकी ठरली. म्हणजे परीक्षा त्यांनी दिली आणि पास मी झालो. याची मला आजही थोडी लाज वाटते.

आम्हां दोरांना दिसतं कमी, ऐकू बरं येतं, पण खरं कळतं ते वजन. माणूस माझ्यावर लटकला की तो कोण आहे, घाबरला आहे की हसतो आहे, त्याने सकाळी नीट जेवण केलं का, सगळं मला कळतं. हात तर मी लगेच ओळखतो. ही बढाई नव्हे, हा माझा धंदा आहे. पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

यवतमाळच्या पियूष आणि आभाने मला मागवलं तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. पियूष लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायचं काम करतो. आभा रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. दोघांची ओळखच मुळी कडे चढण्याच्या शिबिरात झाली. मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा पियूषची आई, कुंदाताई, समोर उभ्या होत्या. त्यांनी मला वरून खालून पाहिलं.

"लोक लग्नात भांडीकुंडी घेतात," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही दोर घेतला? बरं नाही दिसत बाप्पा."

तरी माझे पहिले दिवस लाडाचे गेले. आभा मला टबात साध्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची. कोणी चुकून माझ्यावर पाय ठेवला तर असं ओरडायची की त्या माणसाने आयुष्यभर दोर पाहिला की उडी मारावी. प्रत्येक चढाईआधी पियूष मला टोकापासून टोकापर्यंत चिमटीतून काढायचा. कारखान्यात माल तपासणारा माणूस, त्यामुळे त्याला एकदा तपासून समाधान होत नसे. आभा वैतागायची. मला मात्र ते आवडायचं. सुट्ट्या मिळाल्या की आम्ही सह्याद्रीत जायचो, नाहीतर यवतमाळच्या आसपासचे लहानमोठे खडक चढायचो. आभा पुढे चढायची, पियूष खाली बसून मला धरायचा. ती कितीदा निसटली आणि मी कितीदा तिला झेललं! तेव्हा ती लटकल्या लटकल्या हसायची आणि माझ्यावर थाप मारायची. अशी थाप मिळाली की दोराला दुसरं काही नको असतं.

मग दिवस फिरले. आभाच्या वडिलांचं आजारपण निघालं, पियूषची कामाची पाळी बदलली आणि मी माळ्यावर गेलो. शेजारी कूलरचं जुनं गवत आणि एक फुटका देव्हारा. मला विसरले तेही चाललं असतं, पण एका उन्हाळ्यात कुंदाताईंना माझी आठवण झाली. त्यांनी मला गच्चीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलं आणि माझ्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या वाळत घातल्या. नंतर मला सोडायचं त्या विसरल्या. यवतमाळचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. आमच्या जातीच्या दोराला ऊन म्हणजे विष. माझ्या मधल्या एका भागात तेव्हापासून एक कोरडेपणा आला. वरून काही दिसत नाही. बोटाला फक्त किंचित खरखर लागते. मला बोलता येत असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.

पुढे एका फेब्रुवारीच्या शेवटी आभाने मला माळ्यावरून काढलं. तिला मुका कडा चढायचा होता.

हा कडा उमरखेडच्या पलीकडे, डोंगराळ माळावर आहे. पियूषचे मामा बापूजी आणि मामी विमलताई यांचं वावर कड्याच्या पायथ्यापर्यंत जातं. कपाशी, सोयाबीन, तूर, थंडीत हरभरा. तिथून पुढे मात्र माती संपते. पिवळं गवत, पानं झडलेला साग, कोरडा नाला आणि त्यावर उभा काळा दगड. लग्नानंतर पहिल्यांदा मामाकडे जेवायला गेली तेव्हापासून तो कडा आभाच्या मनात बसला होता. त्याला मुका म्हणतात, कारण तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. कड्याच्या माथ्याखाली आग्या मोहोळं लटकलेली आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणात चहा झाला. पियूषने हौसेने मामीला सगळं सामान दाखवलं. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला धातूचं एक छोटं कडं असतं. त्यातून मी ओवलेला असतो. चढणारा पडला की पियूष मला आवळतो, कडं मला अडवतं आणि माणूस वाचतो.

"अन् हे काढलं तं?" विमलताईंनी विचारलं.

"मग तिले कोणीच धरलं नाही, मामी. हे काढाचं फक्त ती वर पोचल्यावर. तिथं ती स्वतःले दगडाले बांधून घेते, मग मी सोडतो."

विमलताईंनी मला हातात घेऊन पाहिलं, ओढून पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा हात उबदार होता, कापूस वेचून बोटं खरवडलेली. मला त्या तेव्हाच आवडल्या.

बापूजी म्हणाले, "चढा, माही काई ना नाही. पण तठी ओरडू नका. मागच्या साली माशायनं एक म्हैस असी फोडली का नाल्यातच मेली. अन् दुसरी गोष्ट. त्या कड्यावर दोराचं ऐकू नका."

"म्हणजे?" आभाने विचारलं.

"मले काय माहीत? माहा बाप म्हणे, म्हून मी तुले सांगून राह्यलो. आमी तठी दोर लावतच नाही, तं ऐकाचा प्रश्नच नाही येत."

"काहून ते सांगा ना मग," विमलताई म्हणाल्या. "अर्धीच गोष्ट कायले सांगता?"

"बापानं अर्धीच सांगितली तं मी पूर्ण कुठून आणू?"

सगळे हसले. आभाही हसली. पण नवरा-बायकोपुढे एक अडचण उभी राहिलीच. कड्याच्या मध्यावर एक मोठा दगड छपरासारखा पुढे आलेला आहे. त्याच्या वर गेलेली आभा खालून पियूषला दिसणार नव्हती. एरवी अशा वेळी ते ओरडून बोलायचे. इथे ओरडायची सोय नव्हती. तेव्हा त्यांनी ठरवलं की मला झटके देऊन बोलायचं. एक झटका म्हणजे ढील दे. दोन म्हणजे ताण. तीन म्हणजे मी पोचले, स्वतःला बांधून घेतलं, आता मला सोड.

म्हणजे मधमाशांबद्दलचं बोलणं ऐकलं, आणि नेमकं तेच करायचं ठरवलं जे बापूजी करू नका म्हणाले होते. माझ्या मनात काही आलं नाही. खरं तर मला अभिमानच वाटला. आजवर मी वजन वाहिलं होतं, आता शब्द वाहणार होतो.

कड्याच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली त्यांनी तंबू लावला. मला नीट गुंडाळून खालच्या फांदीवर टांगलं आणि ते जेवायला बापूजींच्या घरी गेले. दिवेलागण व्हायची होती. माळावर अजून उजेड होता. वारा पडला. नाल्यात एक टिटवी ओरडत होती, ती मध्येच थांबली.

तेव्हा कोणीतरी मला हात लावला.

मित्रांनो, मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे की हात मी ओळखतो. तो हात कामाचा होता. त्याने माझं टोक शोधलं आणि तो मला मुठी-मुठीने तपासत निघाला. पियूष चिमटीने तपासतो. हा मूठ आवळून, थोडा पिळून, पुढे सरकत होता. आयुष्यभर दोरावर जगलेल्या माणसालाच असं जमतं. उन्हाने खाल्लेल्या भागाशी येऊन तो थांबला. तिथे अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. पियूषला जे सापडलं नव्हतं ते त्याला सापडलं. मला वाटलं, चला, कोणीतरी जाणकार भेटला. आणि मग माझ्या लक्षात आलं की या हाताला वजनच नाही. पकड होती, बोटं होती, मेणाचा चिकट वास होता. पण वजन नव्हतं. हलक्यात हलक्या मुलाच्या बोटालासुद्धा थोडं वजन असतं. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलो.

सकाळी पियूषने मला फांदीवरून काढलं आणि तो थबकला.

"आभा, तू दोर उलटा गुंडाळला का?"

"मी? मी तर हातही नाही लावला. मला वाटलं तू पुन्हा तपासत बसला असशील."

"आणि हे चिकट काय आहे?"

"मोहाचं असेल. झाडाखालीच तर टांगला होता."

माणसं किती सोपी उत्तरं शोधतात, आणि ती त्यांना लगेच सापडतातही! पियूषला तरी ते पुरलं नाही. त्याने मला पुन्हा पूर्ण तपासलं. उन्हाच्या भागावरून त्याची चिमूट गेली, किंचित अडखळली आणि पुढे निघून गेली. तोवर आभाने जोडे चढवले होते.

"पियूष, ऐक," ती हळूच म्हणाली. "मागच्या वेळी मी वर जाऊन खुणा करत राहिले आणि तू सोडेच ना. मला किती वेळ उन्हात उभं ठेवलंस."

"मला खात्री नव्हती."

"तुला कधी असते? आज तीन झटके आले की सोडायचं. विचार करत बसायचं नाही. शपथ?"

"शपथ," तो म्हणाला.

माझं एक टोक आभाच्या कमरेला बांधलं गेलं. ती चढू लागली. दगडाच्या फटींत धातूच्या पाचरी बसवायची, त्यांत मला अडकवायची आणि पुढे सरकायची. तिचं वजन, तिचा श्वास, सगळं माझ्या ओळखीचं. इतक्या वर्षांनी पुन्हा तिच्यासोबत वर जाताना मी माझा कोरडेपणा विसरलो. दुपार होत आली तेव्हा ती त्या छपरासारख्या दगडाच्या वर गेली आणि पियूषला दिसेनाशी झाली. तो खाली दगडाला टेकून, मान वर करून, मला धरून बसला होता.

छपराच्या कडेला एक खोल कपार आहे. तिच्या तोंडाशी दगडात ठोकलेली एक लाकडी खुंटी आहे, मध काढणारे दोर बांधायला ठोकतात तशी, जुनी, काळी पडलेली. त्या खुंटीला घासून मी वर गेलो होतो. कपारीतून मेणाचा तोच वास येत होता.

मग सगळं थांबलं. भर दुपारी माळावर तशी शांतता असतेच, पण तेव्हा मधमाशांचीही गुणगुण थांबली. आभा वर एका अवघड जागी अडकली होती. दोन्ही हातांनी दगड धरून, पायाला जागा शोधत. तिच्या बाजूचा मी अगदी स्थिर होतो. आणि कपारीपाशी कोणीतरी मला मुठीत धरलं.

एक झटका. दोन. तीन.

नाही, मी मनात म्हटलं. ही ती नाही. पियूष, हे माझ्या मधूनच येतं आहे, हिच्याकडून नाही! मित्रांनो, आजवर मी कधी बोलता येत नाही म्हणून रडलो नव्हतो. त्या दुपारी रडलो.

पियूषचे हात थबकले. त्याच्या बोटांतला ठोका मला कळत होता. त्याने वर पाहिलं, त्याला फक्त दगड दिसला. त्याला शंका आली होती. ती त्याच्या बोटांत होती, मी सांगतो ना! पण सकाळची शपथही होती, आणि बायकोला उन्हात उभं ठेवल्याची बोचही. त्याने कडं उघडलं. मला बाहेर काढलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. मग हात झटकून पाण्याची बाटली उचलली.

कड्यावर आभा होती आणि तिला कोणीही धरलेलं नव्हतं. मी मोकळा होतो. इतकी भीती मला कधी वाटली नाही.

त्याच वेळी हरभऱ्याच्या वावरातून विमलताई डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन येत होत्या. तिथून अख्खा कडा दिसतो. त्यांना वर दोन्ही हातांनी चिकटलेली आभा दिसली. आणि खाली दोर सोडून पाणी पिणारा भाचा दिसला. ओरडलं तर काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यांची स्वतःची म्हैस होती ती.

"पियूऽऽष!" त्यांनी टोपलं टाकून दिलं. "दोर धर! काहून सोडला? पोरगी लटकून हाये! धर तो दोर!"

तो आवाज कड्यावर आपटून परत आला. पियूषने बाटली फेकली. कमरेच्या धातूच्या कड्यात मला ओवायला वेळच नव्हता. त्याने मला उघड्या हातांनी उचललं, पाठीमागून कमरेभोवती घेतलं आणि आवळलं.

आणि पहिला झटका बसला.

तो आभाचा नव्हता. आभा अजून वर दगडाला चिकटून होती. कपारीतून काहीतरी जड खाली आलं, पूर्ण वाढलेल्या पुरुषाच्या वजनाचं, आणि ते आलं तेव्हा ना ओरडणं ना दगडांचा आवाज. जो हात काल बिनवजनाचा होता त्याचं सगळं वजन एकदम माझ्यावर आलं. पियूष जागेवरून उचलला गेला आणि दगडावर आपटला. "आभा!" तो किंचाळला. पण त्याने सोडलं नाही.

वर आभाने दचकून मान वळवली. तिच्या पायाखालचा दगड निघाला, खालच्या एका मोहोळावर आदळला आणि ती पडली. हा दुसरा झटका. उन्हाने खाल्लेला माझा तो भाग नेमका छपराच्या धारेवर आला. माझी साल फाटली. आतले काही धागे तुटताना मला ऐकू आले. उरलेल्यांनी धरून ठेवलं. मी का तुटलो नाही हे मला अजून कळलेलं नाही.

मग माशा आल्या. आधी उघड्यावर धावत येणाऱ्या विमलताईंवर, मग खाली पियूषवर; लटकलेल्या आभाला मोजक्याच डसल्या. मानेवर, कानांवर, पापण्यांवर. एक हात सोडला असता तर त्या झटकता आल्या असत्या. त्याने सोडला नाही. तो रडत होता, शिव्या देत होता आणि मला वीतवीत सोडत आभाला खाली घेत होता. त्याच्या तळहाताची कातडी सोलून निघाली, आणि ती मी सोलली. माझा नाइलाज होता. आभाचे पाय जमिनीला टेकले तेव्हा कुठे त्याच्या मुठी उघडल्या. आभाने कमरेची गाठ सोडली, त्याला ओढत तंबूत नेलं आणि चेन लावली. पलीकडे विमलताई कुटाराच्या, म्हणजे सोयाबीनच्या भुशाच्या, ढिगात शिरून, पदरात तोंड गुंडाळून पडल्या होत्या.

संध्याकाळी बापूजी आले. त्यांनी मला ओढून खाली घेतलं आणि पोत्यात भरलं. पोतं उचलताना ते मध्येच थांबले आणि कड्याकडे पाहत राहिले.

विमलताई उमरखेडच्या दवाखान्यात होत्या. पहिला दिवस वाईट गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आरसा मागितला.

"माह्या तोंडाचं टरबूज झालं न वं," त्या आभाला म्हणाल्या. आभा त्यांचा हात धरून हमसून रडायला लागली. "रडतं कायले? तू खाली आली ना? झालं."

मी पोत्यात, पलंगाखाली होतो. पियूष स्टुलावर बसला होता. दोन्ही हात बांधलेले, डोळे सुजून बंद झालेले.

"तू तीन झटके दिले होते ना?" त्याने विचारलं.

"मी एकही नाही दिला. माझे दोन्ही हात दगडावर होते, पियूष."

पियूषने बांधलेले हात पुढे केले.

"मग मला दोनदा कसं ओढलं गेलं?" तो म्हणाला. "आधी एक जड. तू नव्हतीस ती. मग तू."

"मी एकदाच पडले."

दाराशी बापूजी उभे होते. त्यांनी विषय बदलला. चहा आणतो म्हणाले आणि निघून गेले.

आता मी पुन्हा यवतमाळच्या घरी आहे. दाराच्या मागे एका खुंटीवर मला टांगलं. चार दिवसांत खुंटी भिंतीतून उखडून आली, पोपड्यासकट. कुंदाताईंनी गवंड्याला बोल लावला. मग मला गॅलरीतल्या लोखंडी गजावर टांगलं. तो गज आता मधून वाकला आहे. परवा झाडताना कुंदाताईंनी मला बाजूला करायला हात घातला आणि तसाच काढून घेतला. "पाणी पिऊन बसला का काय हा मेला," त्या पुटपुटल्या. मी कोरडा ठणठणीत होतो.

मित्रांनो, पियूषने आभाला उतरवलं. पण त्या दुपारी त्याने दोघांना धरलं होतं. दुसऱ्याला कोणी उतरवलंच नाही. तो तिथे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. मी मात्र त्याला सोडलेलं नाही. मला गुंडाळलं, पोत्यात भरलं, गाडीतून आणलं, तरी तो माझ्यावर तसाच आहे. तो हलत नाही, काही मागत नाही. फक्त लटकून आहे. त्याने मला तीनदा ओढलं ते आभाला पाडायला की स्वतःला कोणी धरावं म्हणून, ते मी सांगू शकत नाही. कधी त्याचा राग येतो. कधी वाटतं, याला किती वर्षांपूर्वी कोणी सोडलं असेल?

आमच्यात एक नियम आहे. ज्या दोराची साल फाटली, ज्याने असा झटका झेलला, तो कापून टाकायचा, म्हणजे चुकून कोणी त्यावर जीव टाकणार नाही. नियम शहाणपणाचा आहे आणि मला तो मान्य आहे. म्हणून आज रविवारी सकाळी पियूष कात्री घेऊन गॅलरीत आला तेव्हा मला माझं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याचं. मला कापलं की तो पुन्हा पडणार होता.

पियूषने कात्री उघडली. आभाने मला गजावरून काढायला दोन्ही हात पुढे केले आणि ती वाकली. तिने पाय फाकवून तोल सावरला. कड्यावर दुसऱ्याला धरताना उभं राहतात, अगदी तशी उभी राहिली.

"कापू नको," ती म्हणाली. "पियूष, धरून बघ."

त्याने कात्री ठेवली. तळहातांवर अजून लाल ओली कातडी होती, तरी त्याने मला धरलं. डोळे मिटले. माल तपासणारा माणूस, तो घाई करत नाही.

"हा तोच आहे," तो म्हणाला. "पहिला."

"बापूजींना फोन कर," आभा म्हणाली. "आपण याला तिथे नेऊ. दोर पुन्हा कड्यावरून सोडू, तू पायथ्याशी बस आणि याला खाली घे. हळूहळू."

"आणि कोणी नसलंच तर?"

"नसलं तर कापू. पण आधी जमिनीवर टेकवू."

मित्रांनो, तुम्ही दोर नीट ठेवा, त्याला ऊन लागू देऊ नका, त्यावर पाय देऊ नका, हे सगळं मी सांगणारच होतो आणि तुम्ही ते पाळालच. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. कोणाला धरलंत, तर त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत सोडू नका. आणि सोडताना एकदा वर बघा, अजून कोणी राहिलं आहे का.

बापूजींचा फोन लागला आहे. त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही, फक्त या म्हणाले. पियूष मला खांद्यावर घेऊन जिना उतरतो आहे. दर पायरीला तो थांबतो, मला सावरतो, मग पुढची पायरी उतरतो. त्याच्या तळहातांना पुन्हा रक्त येऊ लागलं आहे, पण त्याची पकड ढिली झालेली नाही.

माझ्यावरचं ते वजन इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा थरथरलं.